शनिवारची आरोळी

बायजाने रिकामी पाटी क्लबहाऊसच्या टेबलावर ठेवली, तशी पुढच्या रांगेतल्या दोघांनी नाकाला रुमाल लावले. पाटी सकाळीच तिने साबणाने तीनदा घासली होती. मधुकररावांची अटच तशी होती: मासे आणायचे नाहीत, फक्त पाटी आणायची.

मधुकरराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्यांनी ज्येष्ठांसाठी दर शनिवारी पाच वाजता 'आपल्या खाडीची ओळख' हा क्लास काढला. आठ महिन्यांपूर्वी वासाच्या तक्रारीवरून बायजाला गेटवरून उठवलं, तेही त्यांनीच. अकरा वर्षं ती तिथे बसून मासे विकत होती. आज ती जासईहून आली ती एकाच आशेने, क्लास संपला की जागेचा विषय काढायचा.

फळ्यावर मधुकररावांनी खाडीतला जिताडा मासा काढला होता. बायजाला तो सशासारखा वाटला. पाटीत क्लासने कागदाचे मासे रचले. एका काकांनी पाटीचा व्यास मोजून वहीत लिहून घेतला.

"आता ती तुमची आरोळी होऊन जाऊ दे," मधुकररावांनी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून तिच्यापुढे धरला. "एकदम ओरिजिनल पाहिजे."

बायजाने पदर खोचला.

"जिताडी घ्या गोऽऽ, ताजी कोलबीऽऽ!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग लिफ्ट वाजली. बी विंगमधून मॅक्सीवर ओढणी घेतलेली एक बाई पातेलं घेऊन धावत आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बघता बघता दारात सतरा जणी. घाईत एकीने तर इडलीपात्रच उचललेलं. सगळ्यांत पुढे मधुकररावांच्या अरुणाताई.

"सरका हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आठ महिने फ्रीजरमधलं रबर खातोय आम्ही."

त्यांनी पाटीत हात घातला. कागदाचा बांगडा हातात आला.

"हे काय, मावशी?"

"सायबांचा कलास हाय गो बाय. मावरं नाय त्यात."

"मग खऱ्यासारखं ओरडायचं कशाला?"

सतरा पातेली आली तशी परत गेली.

तरी बायजाचं काम झालं. ती गेटवर बसली तर जिवंत परंपरा क्लासला डोळ्यांनी बघता येईल, असं मधुकररावांनी कमिटीला पटवलं. शनिवारी पाच ते सहा गेटवर बसायची परवानगी. फक्त ठराव व्हायला चार आठवडे गेले आणि तोवर दर शनिवारी क्लास सुरू करताना ते रेकॉर्डिंग लाऊडस्पीकरवर लागत राहिलं. पहिल्या शनिवारी सहा पातेली खाली उतरली. दुसऱ्या शनिवारी एक. तिसऱ्याला कोणी खिडकीशीही आलं नाही. परवानगीचं मधुकररावांनी घरी सांगितलं होतं, पण अरुणाताईंनी एव्हाना क्लासबद्दल काही ऐकून घ्यायचं सोडून दिलं होतं.

पाचव्या शनिवारी बायजा आली. वॉचमन पोपटने डोक्यावरची पाटी उतरवायला हात दिला. बर्फाखाली दोन मोठी जिताडी होती, वर ताजी कोलंबी. आत लाऊडस्पीकरवर तिचाच आवाज ओरडून थांबला. मग ती ओरडली.

काही हललं नाही. पोपटने इंटरकॉमवरून तीन घरी कळवलं. "क्लासचं नंतर सांग," म्हणून तिघींनी फोन ठेवले.

"जरा जोरात, मावशी," पोपट म्हणाला.

ती पोटातून ओरडली. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी सरकली. बायजाने घाईने बर्फ बाजूला केला, मोठा जिताडा वर काढला.

खिडकीतून दोन हात बाहेर आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खिडकी लागली.