आई म्हणायची

आमचा धाकटा भाऊ फादर झाला आणि त्याच्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच. आज या गावात, उद्या त्या गावात. आठवडाभर प्रवचनं द्यायची, लोकांना हसवायचं, रडवायचं, की बॅग उचलून तीच प्रवचनं पुढच्या गावाला. वर त्या प्रवचनांची पुस्तकं! प्रत्येक पुस्तक मला पोस्टाने येतं आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं.

कारण पानोपानी एकच: 'माझी आई म्हणायची.' आई म्हणायची, उष्टं टाकलंस तर देव कान धरेल. आई म्हणायची, रुसायचं तर जेवून रूस. अहो, आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता! हे सगळं मी म्हणायचे. याचं नाक मी पुसलं, कान मी पिळले, याच्या शाळेपायी माझं लग्नाचं वय गेलं, आणि नाव कुणाचं? आईचं! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, पण याच्याशी येतं ना.

तर यंदा स्वारी पहिल्यांदाच आमच्या चर्चमध्ये आली. मी ठरवूनच गेले. 'आई' म्हणू दे, भर चर्चमध्ये उभी राहते.

"माझी आई म्हणायची," त्याने सुरुवात केली.

"रुसायचं तर जेवून रूस!" सगळे बाक एका सुरात ओरडले. पुस्तकं मीच वाचायला दिली होती ना घरोघरी! हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. तोही हसला. माझं मात्र टाळकं सटकलं.

"खोटं!" मी उभी राहिले. "आई कधी म्हणाली रे तुला? तिचा चेहरा तरी आठवतो का?"

त्याने चष्मा काढला.

"नाही आठवत," तो माइकवरच म्हणाला. "आई म्हटलं की तूच दिसतेस. पहिल्या प्रवचनात 'माझी ताई' म्हणून बघितलं गं. कमी पडत होतं."

मी मटकन बसले. सगळं चर्च माझ्याकडे बघतंय, डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि तिकडे हा गाढव पांढऱ्याशुभ्र झग्याच्या बाहीला नाक पुसतोय!

"बाहीला पुसू नकोस, रुमाल काढ!" मी ओरडले.

मागच्या बाकावरून शिंपीणबाई म्हणाली, "फादर, ऐका, आई म्हणतेय."

मी काही तिची चूक सुधारली नाही.