दारावरचा आकडा

देऊळघाटात रमाकांत मास्तरांना त्यांच्या मागे सगळे ‘हवामास्तर’ म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. दर रविवारी, ऊन अंगणात उतरायच्या आत, मास्तर हवा मोजायचा काटा घेऊन आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीपाशी उकिडवे बसायचे आणि वैद्यानं नाडी धरावी तसं एकेक चाक तपासायचे. टायर थंड असतानाच हवा मोजायची, गाडी फिरवून आणल्यावर मोजली तर काटा फसवतो, हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं त्याहून लाडकं. लोक टायरवर कोरलेला आकडा वाचतात आणि तेवढी हवा ठासतात, याचा त्यांना भारी राग.

“अरे, तो टायरच्या सहनशक्तीचा आकडा हाये,” ते ओरडायचे. “जास्तीत जास्त किती सोसू शकते, तो. गाडीले रोजच्याले किती पाह्यजे ते दारावर लिह्यलं असते. दार उघडून पाह्य ना बे!”

त्यांच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर होतं आणि त्यावर तेहतीस लिहिलं होतं. मास्तरांच्या चाकांत तेहतीसच असायची. बत्तीस नाही की चौतीस नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एवढं तरी वेड असायचंच, असं म्हणून गाव हसून सोडून द्यायचं.

मग मास्तरांच्या बायकोच्या, शारदाबाईंच्या, मणक्यात गाठ निघाली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जे करायचं ते सगळं करून झालं. आता दुखणं बरं होणार नाही, फक्त दाबून ठेवायचं, असं डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं. शारदाबाईंनी ते न सांगताच ओळखलं. दुखणं दाबायच्या इंजेक्शनासाठी दर आठवड्याला बुलढाण्याला जावं लागे.

मागच्या सीटवर उशा रचून त्या पडून राहत. रस्ता लांबचा नव्हता, पण ठिगळांचा होता. खड्डा बुजवायचा म्हणून त्यावर उंचवटा करून ठेवायचा, ही आपल्याकडची रीत. प्रत्येक ठिगळाला मागून ‘आई गं’ असा आवाज यायचा. तो ऐकला की मास्तरांच्या काळजाचं पाणी व्हायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. लवकर पोचावं, लवकर संपावं, एवढंच डोक्यात असे. दुखतं का, असं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची त्यांची छातीच नव्हती. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली की ते विचारायचे, “आज रस्ता कसा वाटला?” ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

एका रविवारी त्यांनी चाकांतली थोडी हवा सोडली. हवा कमी असली की टायर थोडा दबतो आणि दणका थोडा कमी बसतो, एवढं विज्ञान खोटं नव्हतं. त्याच विज्ञानाची दुसरी बाजूही त्यांना तोंडपाठ होती. दबलेला टायर फिरता फिरता आतून तापतो, कडेनं झिजतो आणि एक दिवस दगा देतो. हे तर त्यांनी सगळ्या गावाला ऐकवलं होतं.

त्या आठवड्यात मागून आवाज कमी आले. मास्तरांनी दारात विचारलं, “कसा वाटला रस्ता?”

“आज बरं वाटलं,” शारदाबाई म्हणाल्या. “गादीवानी लागलं.”

झालं. त्या दिवशी मास्तर कित्येक दिवसांनी दोन घास पोटभर जेवले. पुढच्या रविवारी अजून थोडी सोडली. मग अजून. मागचे आवाज कमी कमी होत गेले आणि एकदा तर सबंध रस्ताभर शारदाबाईंनी ब्र काढला नाही. मास्तरांना वाटलं, जमलं आपल्याला. डॉक्टरांना जमलं नाही ते आपण चार चाकांत करून दाखवलं. आता ते रविवारी आणखी लवकर उठत, उजाडायच्या आत काम उरकत आणि काटा धोतराच्या घड्यांखाली लपवून ठेवत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्यांना कळत होतं. पण बायकोच्या एका ‘बरं वाटलं’पुढे त्यांना ब्रह्मज्ञान काडीचं वाटेना.

चैत्रातल्या एका दुपारी ते बुलढाण्याहून परत निघाले. डांबर इतकं तापलं होतं की समोरचा रस्ता हलल्यासारखा दिसत होता. दवाखान्यात उशीर झाला होता, म्हणून मास्तर नेहमीपेक्षा जोरात होते. वळणावर गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. मागून मोठा आवाज आला आणि चाकाची लोखंडी कड डांबरावर करकरत गेली. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ठेवलं. गाडी मुरुमावर उतरली, दोनदा उसळली आणि लिंबाच्या झाडाच्या अलीकडे थांबली. मागून येणारी एसटी हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखी निघून गेली.

शारदाबाई ओरडल्या. साऱ्या आठवड्यांचं गिळलेलं एकदम बाहेर पडावं तसं ते ओरडणं होतं. मास्तर मागचं दार उघडून नुसते उभे राहिले. हात कुठे लावावा तेच त्यांना कळेना.

बुलढाणा रोडवर टायरचं दुकान असलेला धम्मरत्न, मास्तरांचाच विद्यार्थी, फोन केल्यावर मोटरसायकलवर आला. त्यानं फाटलेलं चाक काढलं, टायरच्या आत हात घालून झिजलेल्या रबराचा काळा भुगा बाहेर काढला आणि उरलेल्या तीन चाकांना काटा लावून पाहिला. मग त्यानं हळूच विचारलं.

“सर, साऱ्याच चाकाईत हवा कमी हाये. कोनं उतरवली?”

“वॉल्व्ह गळत असन,” मास्तर म्हणाले.

कॉपी करणाऱ्या पोराशी वर्षभर बोलायचे नाहीत, असा हा माणूस. आज आपल्याच विद्यार्थ्यापुढे खोटं बोलला, आणि तेही धड जमलं नाही. चारही वॉल्व्ह एकदम गळत नसतात, हे धम्मरत्नला त्यांनीच शिकवलेलं होतं.

तेवढ्यात गाडीतून शारदाबाईंचा बारीक आवाज आला. “मीच सांगतलं व्हतं त्याईले. गचके कमी बसतेत म्हनून.”

धम्मरत्ननं डिकीतलं चाक बसवलं, बाकीच्यांत हवा भरली आणि त्यांच्यामागे मोटरसायकल चालवत घरापर्यंत आला.

संध्याकाळी गोळीनं शारदाबाईंना जरा आराम पडला. मास्तर खाटेच्या पायथ्याशी बसले होते.

“तुले माहीत व्हतं?” त्यांनी विचारलं.

“रविवारी खिडकीखाली फुस्स आवाज येते. पडल्या पडल्या मी अजून काय आयकू?”

“मंग बोलली काऊन नाई?”

“मी बरं वाटते म्हनलं का तुमी पोटभर जेवत व्हते.”

मास्तरांनी मान खाली घातली. पण शिक्षकाचा स्वभाव जात नाही. प्रयोगाचं काय झालं ते कळल्याशिवाय त्यांना राहवेना.

“खरं सांग. हवा कमी केल्यावर तुले फरक पडे का?”

“नाई,” शारदाबाई म्हणाल्या.

“पन तू तर ओरडनं बंद केलं व्हतं.”

“मी ओरडली का तुमी गाडी जोरात हाणता. जोरात हाणली का अजून गचके बसतेत. म्हनून मंग पदराचा बोळा तोंडात धरून पडून राहो मी.” मग त्या म्हणाल्या, “तुमाले आयकवत नाई ना माह्यं ओरडनं. मले समजते ते.”

मास्तर उठून अंगणात गेले. गाडी तिथंच उभी होती. टायरवरचा तो कोरलेला आकडा अंधारातही त्यांच्या बोटांना लागला. टायर किती सोसू शकतो ते लिहिलेलं असतं, किती सोसायला लावायचं ते नाही, असं आपण आयुष्यभर बोंबलून सांगितलं. आणि घरातल्या माणसाला मात्र आपल्या भित्रेपणाचा भार शेवटच्या आकड्यापर्यंत सोसायला लावला. मास्तर चाकाला टेकून रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि या वेळी खिडकीतून आवाज जाईल याची त्यांनी पर्वा केली नाही.

रविवारी त्यांनी उजाडल्यावर, सगळ्या आळीदेखत हवा मोजली. पायपंपानं थोडी भरली, पुन्हा मोजली.

“किती?” खिडकीतून आवाज आला.

“तेहतीस.”

“ठीक हाये.”

बुलढाण्याला जायच्या दिवशी ते तासभर आधी निघाले. मास्तर गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाला एक म्हातारा वळून पाहत पुढे गेला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवोत. पहिल्या ठिगळाशी मास्तरांनी गाडी जवळजवळ थांबवून चाक त्यावरून हळूच खाली घेतलं, तरीही मागून आवाज आला.

“आई गं!”

मास्तरांचा पाय सवयीनं खाली जायला निघाला. त्यांनी तो उचलला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मान वळवून मागे पाहिलं. पदर शारदाबाईंच्या हातात होता, तोंडात नव्हता.

“लय दुखते का?” त्यांनी विचारलं.

“हाव,” शारदाबाई म्हणाल्या. “लय दुखते.”

मास्तर उतरले, मागचं दार उघडून तिच्या उशाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला.