तपासनीस आपला, देश परका

बसच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात शिलाई खात्याची सुपरवायझर तशी थंड डोक्याची बाई. मशीन बंद पडो, कापड उलटं कापलं जावो, तिचा आवाज चढत नसे. पण मतदान जवळ आलं आणि रोज दुपारी डबे उघडले की तिचं डोकं फिरायला लागलं.

शेजारचा देश पार डबघाईला आला होता. बँकांची दारं बंद, पगार थकलेले. आजूबाजूच्या देशांनी मिळून सामाईक निधी उभारावा, ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून हात द्यावा, असं चाललं होतं. त्यात आपण पडायचं की नाही, हे लोकांनी ठरवायचं होतं. कारखान्याचं आधीच ठरलं होतं: नाही. आणि सगळ्यात मोठा आवाज तिच्याच धाकट्या भावाचा. तो पॅकिंगला होता.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं," असं तो म्हणायचा आणि सगळी टेबलं हसायची.

तिने परोपरीने सांगून पाहिलं. आपण शिवतो ती बहुतेक कव्हरं तिकडच्याच बसगाड्यांवर चढतात. ते बुडाले तर आपण काय शिवायचं, एकमेकांच्या उशा? पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्यात जुनी शिवणारी मावशी म्हणाली, तिकडचे लोक आळशी, उधारीवर चैन करतात. मावशी कधी सीमेपलीकडे गेली नव्हती. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, सगळेच म्हणतात.

अशात तिकडच्या बस कंपनीचा तपासनीस आला. दर खेपेला येऊन शिवण ओढून बघणारा, चूक काढली तरी हसवून काढणारा माणूस. या वेळी तो कामावर नव्हता. कंपनीने ऑर्डर थांबवली होती, त्यालाही घरी बसवलं होतं. फोनवर सांगणं बरं दिसेना म्हणून तो स्वतःच्या खर्चाने आला होता. बोलताना तो सारखा मान खाली घालत होता, जणू देश त्यानेच बुडवला.

मग जे झालं ते पाहून सुपरवायझर थक्क झाली. मावशीने आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. कुणी त्याच्या मुलींसाठी कपडे आणतो म्हणालं. भावाने तर अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि तो नाही नाही म्हणत असताना बटणंही लावली.

तपासनीस गेल्यावर तिने भावाला गोदामात गाठलं. विकली न गेलेली कव्हरं छताला टेकली होती.

"आता तरी हो म्हणशील ना?"

"ताई, तो आपला माणूस आहे."

"आणि तो राहतो कुठे? आकाशात?"

"देशाचं वेगळं असतं गं. देशाला दिलं की मधल्या मधे खातात. याला दिलेलं मला डोळ्यांनी दिसतं."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ती जास्त चिडली.

"तुझ्या कोटाने त्याची नोकरी परत येणार आहे का?"

"नाही. पण थंडी तर जाईल," तो म्हणाला आणि खोके उचलायला लागला.

तिने हात टेकले. मतदानाला मात्र ती गेली. निकाल लागला, तेव्हा त्यांच्या गावाने निधी साफ नाकारला होता. बाकीच्या देशाने तो काठावर का होईना, पण मंजूर केला.

मधले महिने वाईट गेले. निम्मी मशीनं झाकून ठेवली होती, भावाची पाळीही कापली गेली. मग तिकडे पगार सुरू झाले, बसगाड्या रस्त्यावर आल्या आणि एके सकाळी ऑर्डर आली, आधीपेक्षा मोठी. खाली ताज्या शाईत तपासनिसाचीच सही होती.

भाऊ धावत शिलाई खात्यात आला. मशीनच्या खडखडाटातून त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"बघितलंस ताई? आपण नाही म्हटलं, तरी सगळं झालं ना सुरळीत? उगाच घाबरवत होतीस."

मावशीने मान डोलावली. हेच तर आपण सांगत होतो, असं ती शेजारणीला म्हणाली.

सुपरवायझरने भावाच्या हातात कापडाचा गठ्ठा दिला आणि म्हणाली, "जा. वाहून ने. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."