फुग्याची अंगाई

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सध्या माझा मुक्काम एका लाकडी खोक्यात, कुजक्या वायरींच्या गुंत्यात आहे. पण एके काळी माझ्यासमोर उभं राहायला भलेभले गायक ताटकळत बसायचे. ही बढाई नव्हे. जे कानावर पडेल ते जसंच्या तसं पुढे पाठवायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे खोटं बोलायची सवय लागली नाही.

माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ अशी धातूची पट्टी आहे. कारखान्यात ती बसवणारी बाई चिमट्याने पट्टी उचलताना श्वास रोखून धरायची. दिवसाकाठी पाच-सहाच माईक तिच्या हातून पुरे व्हायचे. तिथून मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आलो. तळघरातली खोली, भिंतींना ठोकलेल्या जाड रजया, मध्ये एक काच आणि काचेपलीकडे बटणांच्या टेबलाशी बसलेला रेकॉर्डिस्ट. हा माणूस अबोल, पण कामाला चोख. काम संपलं की मला न विसरता कापडी पिशवी घालायचा.

एके दिवशी तिथे फुगा आला. रंगमंचावर गाल फुगवून लोकांची मुरकुंडी वळवणारा हा विनोदी नट. खरं नाव फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असावं, जग त्याला फुगाच म्हणे. गाणी तो स्वतः लिहायचा आणि चालीही स्वतःच बांधायचा. आणि गळा? काय सांगू तुम्हाला! सरळ, स्वच्छ, कुठे खोट नाही. 'प' आणि 'फ' आले की माझ्या पट्टीला धक्का बसू नये म्हणून तो तोंड जरासं वळवायचा. इतकी काळजी नावाजलेल्या गवयांनीही कधी घेतली नव्हती.

त्याचं पहिलं गाणं एका टकलू माणसाचं होतं. त्याचा कंगवा हरवतो आणि तो घर डोक्यावर घेतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी फुग्याच्या अंगात ताप होता, घसा सुजला होता. बायको नको म्हणत असताना तो आला होता. वरच्या सुरात 'सापडेना' म्हणताना त्याचा आवाज मध्येच मोडला, कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. साथीला बसलेल्या व्हायोलिनवाल्याला इतकं हसू आलं की त्याच्या हातून गज खाली पडला.

"चुकलं हो, पुन्हा घेऊ," फुगा म्हणाला.

"अजिबात नाही!" तबकड्या काढणाऱ्या कंपनीचे मालक काचेमागून ओरडले. "हाच ठेवा! काय आवाज काढलास रे!"

"काढला नाही मालक, निघाला."

"मग रोज निघू दे!"

सगळे हसले. फुगाही हसला. चारचौघं हसली की आपणही हसायचं, ही त्याच्या धंद्याची सवय होती.

ती तबकडी घरोघरी वाजली आणि तिथेच घात झाला. आता लोकांना प्रत्येक गाण्यात तो मोडका आवाज हवा होता. फुगा वहीत गाणं लिहायचा आणि मोडायच्या शब्दाभोवती गोल काढायचा. पण धडधाकट गळा सांगून मोडत नाही. म्हणून तो आधी बाहेरच्या जिन्यात उभा राहून पंधरा मिनिटं नुसता ओरडायचा. घसा सोलवटला की आत यायचा. गोल काढलेला शब्द जवळ आला की रेकॉर्डिस्टचा हात आपोआप बटणावर जाऊन आवाज वाढवायचा. अशी तीसेक गाणी झाली. त्या मोडण्याखाली एक बारीक खरखर असायची आणि ती दर वर्षी वाढत होती. मी तीही पुढे पाठवत होतो. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांनी ती हसण्यावारी नेली.

सात वर्षांनी फुग्याला मुलगी झाली आणि त्याच महिन्यात डॉक्टरांना त्याच्या घशात गाठ सापडली. ऑपरेशन करावंच लागणार होतं. आवाज परत येईल असा भरवसा कुणी देईना.

तेव्हा त्याने एक अंगाई लिहिली. त्या पानावर एकही गोल नव्हता.

"पोरीला माझा एक तरी सरळ आवाज ठेवून जाऊ दे," तो रेकॉर्डिस्टला म्हणाला. "विकायला नाही. घरी लावायला."

आवाज राखण्यासाठी आठवडाभर तो घरात एक शब्द बोलला नाही. पाटीवर लिहून काम भागवलं. मग ऑपरेशनच्या दोन दिवस आधी माझ्यासमोर उभा राहिला.

नीज माझ्या बाळा आता, दिवा झाला मंद,
बाबा आहे उशापाशी, दार आहे बंद.

हे ध्रुवपद आणि पहिलं कडवं सरळ गेलं. मित्रांनो, तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. दुसऱ्या कडव्यानंतर ध्रुवपद पुन्हा आलं आणि 'उशापाशी'वर आवाज मोडला. रेकॉर्डिस्टच्या हाताने सवयीने बटण फिरवलं. व्हायोलिनवाला फिसकन हसला. आपल्या हाताने काय केलं हे रेकॉर्डिस्टच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

फुग्याने बोट वर केलं, म्हणजे पुन्हा घेऊ. तोंड उघडलं. नुसती हवा आली. मी ती हवाच पुढे पाठवली.

मालकांनी ती अंगाई विकायला काढली. फुग्याची बायको तळघरात येऊन त्यांच्याशी भांडली.

"अहो, त्यांचा गळा फुटतोय त्यात! ते विकू नका."

"वहिनी, लोकांना हसायचंय. फुग्याने जन्मभर हसवण्याखेरीज दुसरं काय केलं?"

फुगा दवाखान्यात होता आणि नको म्हणायला त्याला आता आवाज उरला नव्हता. त्याच्या सगळ्या गाण्यांत हेच गाणं सर्वांत जास्त गाजलं. रडणाऱ्या पोरांना हसवायला आया ते लावू लागल्या.

दहा वर्षं गेली. बटण फिरवल्याची ती गोष्ट रेकॉर्डिस्टच्या मनाला खात होती. एक दिवस त्याने फुग्याच्या मुलीला बोलावलं आणि म्हणाला, "अंगाई तू गा." ती बापाचा हात धरून आली. त्याच्या गळ्याला रुमाल होता आणि काखेत पाटी. माझी उंची तिला पुरेना, म्हणून तिला खोक्यावर उभं केलं.

काय गोड गायली पोर! आणि 'उशापाशी' आल्यावर तिने आवाज मोडला. अगदी हुबेहूब तबकडीसारखा.

फुग्याने हात वर केला. पाटीवर लिहून तिच्यासमोर धरलं.

"'इथे मोडू नकोस,'" तिने वाचलं. "पण बाबा, गाणं असंच आहे! आमच्या अख्ख्या वर्गाला पाठ आहे. तुम्ही नाही का मोडला?"

फुग्याने लिहिलेलं पुसलं आणि नवं लिहिलं.

"'दुखत होतं,'" ती वाचत होती. शेवटी तिचा आवाज अगदी लहान झाला.

व्हायोलिनवाल्याने व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि मान खाली घातली. मुलगी खोक्यावरून उतरली, बापाच्या कमरेला मिठी मारून थोडा वेळ उभी राहिली आणि पुन्हा खोक्यावर चढली. या वेळी तिने अंगाई शेवटपर्यंत सरळ म्हटली. फुगा डोळ्यांवर हात ठेवून ऐकत होता.

मालकांनी तिच्या गाण्याची तबकडी काढली नाही. "यात गंमत कुठेय?" म्हणाले. पुढच्या वर्षी फुगा गेला. त्याच्या बातमीबरोबरही लोकांनी ती मोडकी अंगाईच वाजवली आणि ऐकणारे हसले. नंतर नवी यंत्रं आली, रेकॉर्डिस्ट निवृत्त झाला आणि मला पिशवी घालणारं कुणी राहिलं नाही. तळघराच्या ओलीने माझी पट्टी गंजली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

मित्रांनो, आपल्या वस्तू तुम्ही जपालच. पण कुणाचा आवाज मोडला, तर हसण्याआधी त्याला एकदा विचारा, "दुखतंय का?" फुग्याला आमच्या स्टुडिओत हे कुणीच विचारलं नाही. मी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. पण विचारायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.