एकोणिसावा प्रश्न

बाईंनी तो परिच्छेद चौथ्यांदा खोडला आणि खुर्ची मागे ढकलून त्या उठल्या. पाच वाजेपर्यंत विद्यापीठाला त्यांच्या संशोधनाची साद्यंत नोंद हवी होती. एकशे चौदा निबंध, सहा पुस्तकं आणि शेवटी दोनशे शब्दांत कार्याचा सारांश. जगातल्या गरिबीवर नि विषमतेवर जन्मभर लिहिलेल्या माणसाला दोनशे शब्द जड जाऊ नयेत. पण सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"झालं का?" कारकुनानं दारातून डोकं आत घातलं. "आपली आरती आपणच ओवाळायची, बाई. लाजून कसं चालेल?"

"पाचला या."

"आणि कुणी भेटायला आल्यात. नंतर या म्हटलं तर हलायला तयार नाहीत."

चाळिशी ओलांडलेली एक परिचारिका आत आली. कामावरून तशीच आलेली, अंगावर पांढरा गणवेश. तिनं उभ्याउभ्याच पर्समधून पिवळं पडलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. विद्यापीठाचा शिक्का आणि खाली हातानं लिहिलेलं : घर क्रमांक २१७.

"आई गेली गेल्या महिन्यात. तिच्या पेटीत हे सापडलं. घरोघरी प्रश्न विचारत फिरायचात ना तुम्ही? मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन."

"पस्तीस वर्षं झाली त्याला."

"तिला लिहिता येत नव्हतं. तिच्या तोंडचं कागदावर उतरलेलं आमच्याकडे काहीच नाही. म्हटलं, इथे असेल."

पाहणीचे भरलेले अर्ज परक्यांना दाखवायचे नाहीत, हा नियम बाईंनीच केला होता. पण मुलगी परकी कशी? त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. हातांना काहीतरी काम मिळालं, याचंच बरं वाटलं.

अर्ज सापडला. परिचारिका ओळीखाली बोट धरून वाचू लागली. माणसं सहा. खोली एक.

"'थोरली हुशार आहे, तिला शिकवणार.' असं म्हणाली ती?"

"म्हणाल्या म्हणूनच लिहिलंय."

तिनं तोंड फिरवून नाक पुसलं. पान उलटलं. मग एकाएकी हसली.

"काय झालं?"

"हे बघा ना. एकोणिसावा प्रश्न. 'घरातल्यांना पुरावं म्हणून गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः किती वेळा उपाशी राहिलात?' उत्तर, 'एकदाही नाही.'" ती मान हलवत राहिली. "धादांत खोटं. पातेलं खरवडल्याचा आवाज आला की आम्ही ओळखायचो, आज आईला काही उरलं नाही."

बाईंनी टेबलावरची यादी जवळ ओढली. यादीतला पहिला निबंध या प्रश्नावर उभा होता. गरिबांच्या घरात भूक सगळ्यांमध्ये सारखी वाटली जाते, असं त्यांनी त्यात दाखवलं होतं. पुढची कित्येक वर्षं परदेशांतल्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला, आणि घरटी मोजलं की पुरे, आतल्या बाईला वेगळं मोजायला नको, असं ठरून गेलं.

"पण खोटं का सांगतील त्या?" बाईंचा आवाज चढला. "त्यात लपवण्यासारखं काय होतं?"

"अहो, परक्या बाईला कोण सांगेल? घरची अब्रू जाते." परिचारिकेनं हे इतक्या सहज सांगितलं, जणू रुग्णाला गोळीची वेळ सांगत होती. "समासात पेन्सिलीनं काय लिहिलंय? वाचता येत नाही."

बाईंनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं, तरुणपणचं, घाईचं. त्यांनी ते मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

"'गृहिणी फार आग्रही. जेवल्याशिवाय उठू देईना. जेवले.'"

"म्हणजे तुम्ही स्वतःच आला होतात?"

"हो."

"मग बरोबर." तिच्या स्वरात राग नव्हता, आईची एखादी जुनी खोड आठवावी, तेवढंच होतं. "पाहुणं आलं की म्हणायची, 'तुम्ही बसा, माझं मघाशीच झालंय.'"

दारावर टकटक झाली. पाच वाजायला अजून अवकाश होता, पण कारकुनाला धीर नव्हता.

"बाई, यादी?"

"पाठवायची नाही."

"अहो, पण आजच—"

"पहिल्या निबंधाबद्दल आधी काहीतरी लिहायला हवं. दार लावून घ्या."

त्यांनी परिचारिकेसमोर खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तिला बसायला सांगितलं. स्वतः समोर बसल्या. पेनाचं टोपण काढलं.

परिचारिका अर्जावरून हात फिरवत होती. मग तिनं वर पाहिलं.

"काय वाढलं होतं हो तिनं तुम्हाला?"

अडतीस देशांचे आकडे बाईंना तोंडपाठ होते. त्या आठवत राहिल्या, डोळे मिटून आठवत राहिल्या. खूप वेळ.