आतून उघडणारं दार

मी आणि माझी थोरली जाऊ, दोघींना खुनाच्या कादंबऱ्यांचं वेड. वाचनालयातून एकच पुस्तक आणायचं, दुपारी मी मोठ्यानं वाचायचं आणि जाऊबाईंनी इस्त्री करता करता खुनी ओळखायचा. पोलिसांचा तपास त्यांना रुचत नसे. निवृत्त शिक्षिका, औषधवाला, पोस्टमास्तरची बहीण, अशी आपली कामं टाकून दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारी माणसं त्यांना हवी असत.

मग एके दिवशी माझे थोरले दीर कामावर, शीतगृहात मेले. फळांच्या पेट्या लावायला आत गेले, मागे दार लागलं आणि पाळी बदलेपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही. सुपरवायझर घरी आला. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला, "दार आतूनही उघडतं हो. गोंधळले असतील बिचारे." पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

भेटायला येणारे पांगल्यावर, जाऊबाईंचं मन रमावं म्हणून मी अर्धवट राहिलेली कादंबरी काढली. त्यांनी ती माझ्या हातातून हिसकावली आणि भिंतीवर भिरकावली.

"या पुस्तकांत एखादा खडूस म्हातारा मेला, तर अख्खं गाव तहानभूक विसरून विचारतं, कोणी मारलं? आपल्याला कोणी विचारलं? उभा जन्म त्या गारठ्यात राबलेला माणूस म्हणे दार उघडताना गोंधळला."

"मग आपण विचारू," मी म्हणाले. मी बोलून गेले, तोवर त्यांनी पायात चपला सरकवल्या होत्या.

आम्ही शीतगृहावर पोचलो तेव्हा हमाल चहा पीत बसले होते. आम्हाला पाहून सगळ्यांनी माना खाली घातल्या. सुपरवायझर लगबगीनं पुढे आला.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"ते गेले ती खोली एकदा बघायची होती," जाऊबाई पडेल आवाजात म्हणाल्या. मी चमकले. हा आवाज त्यांचा नव्हता. गोड बोलून माहिती काढणाऱ्या पुस्तकातल्या बाईंचा होता.

त्यानं जाडजूड दार ओढून उघडलं. थंडी पायांवर आली. दाराच्या आतल्या बाजूला चकचकीत नवी मूठ होती.

"ही फिरवली की उघडतं?"

"हो ना. लहान मूलही उघडेल."

"मग तुम्ही आत उभे राहा. मी बाहेरून लावते. उघडून दाखवा."

तो हसला. "वहिनी, हे काय भलतंच?"

"लहान मूल उघडतं म्हणालात ना?"

सगळे बघत होते. त्यानं आत पाऊल टाकलं. जाऊबाईंनी दाराला हात घातला मात्र, तो मला ढकलून बाहेर आला. त्या गारठ्यातही त्याच्या कपाळावर घाम होता.

एका वयस्क हमालानं कप खाली ठेवला. "मूठ नुसती वरून बसवलीय, बाई. पोलीस यायच्या आत. आतला खटका कधीचा तुटलाय. आम्ही सांगून दमलो. हा म्हणायचा, हंगाम संपू दे, मग बघू."

"आणि पोलिसांसमोर तुमची जीभ कुठे गेली होती?"

"पोटाचा प्रश्न असतो, बाई."

"माझ्या नवऱ्याला पोट नव्हतं?"

त्यानंतर त्या खोलीत कोणी पाऊल ठेवलं नाही. तो म्हातारा आणि आणखी दोघं आमच्याबरोबर चौकीवर आले. सुपरवायझरला अटक झाली. शीतगृहाच्या मालकानं आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं म्हणून हात झटकले.

कादंबरी इथे संपली असती. खुनी सापडतो, बाकीची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. जाऊबाईंचा मात्र राग तसूभरही उतरला नाही. कोर्टात वकील "दुर्दैवी अपघात" म्हणाला तशा त्या उभ्या राहिल्या.

"हंगाम संपेपर्यंत थांब, असं याला कोणी सांगितलं होतं?"

न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं.

"उत्तर मिळू दे, मग बसते," त्या म्हणाल्या.

आरोपीच्या पिंजऱ्यात सुपरवायझरनं हळूच मान वळवली आणि मागच्या बाकावर बसलेल्या मालकाकडे पाहिलं.