झाकणं वाजत होती तो हिवाळा

मी रानटर्की बोलतोय. हौस म्हणून नाही. फांदीवर शेजारी बसणारी ही कोवळी पोरं रोज संध्याकाळी मागे लागतात, आजोबा सांगा, आजोबा सांगा. एकदाचं सांगतो, मग गप्प झोपा. शाळा मी बाहेरूनच पाहिली, तिच्या मैदानात नाकतोडे बरे मिळतात म्हणून. तेव्हा माझी भाषा सुधारायला येऊ नका.

जन्म इथलाच, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा, टाट्रो शेतकऱ्यांच्या गवताच्या बांधावर. आई भित्री होती, म्हणून मी जगलो. आमचं बिऱ्हाड दोन ठिकाणी. बर्फ साचला की खाली दरीत, गोठ्यामागच्या पाईनवर. बर्फ वितळला की वर टेकडीवर, मेपलच्या रानात. उडता येतं, पण आम्ही चालतच जातो.

दरीत आमचं पोट मर्टन टाट्रोच्या गाईंवर चालतं. तो रोज बर्फावर शेण पसरतो, त्यात न पचलेले मक्याचे दाणे असतात. नाकं मुरडू नका. त्याच दाण्यांवर माद्या हिवाळा काढतात आणि वसंतात अंडी घालतात.

यंदा बर्फ भुसभुशीत पडला. पाय टाकला की पोटापर्यंत आत. त्यातच मर्टनच्या मुरघासाच्या, म्हणजे प्लास्टिकात गुंडाळून मुरवलेल्या चाऱ्याच्या, पांढऱ्या गठ्ठ्यांना भोकं पडली. प्लास्टिक फाटलं, चारा नासला. आम्ही दिवसाढवळ्या त्याच्या डोळ्यांसमोर चरणारे, म्हणून आळ आमच्यावर. मेपलचा रस धरायच्या बादल्यांची जुनी पत्र्याची झाकणं त्याने दोरीला ओवून पाईनसमोर टांगली, आणि शेण पार रस्त्यापलीकडे टाकायला लागला.

वारा आला की खडखडाट. माद्या फांदीवरून उतरेनात. पाईनच्या सुया आणि कळ्या खाऊन कुठे पोट भरतं? माझ्या बहिणीच्या छातीचं हाड वर आलं. अशा अंगाने अंडी कुठून घालणार? टेकडीवर पोचलो असतो, पण मागे पिल्लांची चिवचिव नसती. मी तिच्या शेजारी बसून नुसता त्या झाकणांना शिव्या घालत होतो.

मग एकदा ऊन पडलं. मर्टनची बायको लोर्ना गठ्ठ्यांना चिकटपट्टी लावायला आली. खाली वाकली आणि हसायलाच लागली.

"मर्ट, इकडे ये. टर्कीला हात कधीपासून फुटले?"

प्लास्टिकवर चिखलाचे ठसे होते, तान्ह्या पोराच्या तळहातासारखे, पाच बोटांचे. रॅकून, तो मांजराएवढा केसाळ चोर. रोज अंधारात येऊन ताव मारून जात होता.

मर्टनने वाकून ठसे पाहिले. "टर्कीनेच शिकवलं असेल त्याला," म्हणाला.

"हो, शिकवणी लावली असेल. ती झाकणं काढ."

"काढणारच होतो. त्या आवाजाने गाई दूध चोरतात."

काढली. दुसऱ्या दिवशी शेण पुन्हा पाईनखाली पडलं, नेहमीपेक्षा जाड. ट्रॅक्टर तसाच धडधडत ठेवून तो उभा राहिला. माझी बहीण पहिली उतरली, पडत-धडपडत. ती दाणे टिपायला लागल्यावरच तो गेला.

पुढे मेपलचा रस सुटला, तो आटवायच्या टेकडीवरल्या गुऱ्हाळातून वाफ निघायला लागली, दक्षिणेचा उतार उघडा पडला. आम्ही ओळीने वर आलो, बहीण सगळ्यांत पुढे. आता माद्या आपापली आडोशाची जागा धरायला पांगल्यात. बहिणीने आईचाच बांध निवडलाय. अंग भरलंय तिचं.

माझी छातीवरच्या पिसांची दाढी जमिनीला लागते, नख्या बोथट झाल्यात. पण विणीच्या या दिवसांत घसा माझ्या ताब्यात नसतो. कुठेही धाडकन आवाज झाला की हाळी निघतेच. मर्टनला हे कळलंय. गुऱ्हाळाचं दार तो मुद्दाम आपटतो.

"पुरे," लोर्ना म्हणते, "म्हाताऱ्याचा घसा बसेल."

"मला शिव्या देतोय तो."

बरोबर ओळखलंस, मर्टन. पण नुसतं दार आपटून भागायचं नाही. गवत कापशील तेव्हा बहिणीचा तो बांध सोड. आणि एकदा वर येऊन तोंडाने म्हण, चुकलो.

पोरांनो, झोपा आता. पुढच्या बर्फात मी खाली उतरेन न उतरेन, तुम्ही उतराल. नाव तेवढं लक्षात ठेवा. ज्याने आपली माफी मागायची राहिलीय, तो मर्टन टाट्रो.